इंग्रजीतला शब्द 'चूक' ठरवण्याआधी काय काय तपासावं

इंग्रजीच्या वापरावरचे बहुतेक वाद दोन वाक्यांपाशी येऊन अडतात: 'आम्हाला शाळेत असंच शिकवलंय' आणि 'हल्ली सगळे असंच लिहितात'. दोन्ही दावे तपासता येतात, आणि एका शब्दाला फार तर अर्धा तास लागतो. अहवाल तपासणारे, प्रबंध वाचणारे, इंग्रजी शिकवणारे, भाषांतर करणारे यांच्यासाठी ही तपासणीची रीत आहे. क्रम पाळा. आधी मत ठरवून मग पुरावा शोधायला गेलं, तर शब्दकोशातही हवं तेवढंच दिसतं.

वाद एका ओळीत लिहून काढा

'लेस' चूक आहे का, हा प्रश्न तपासता येत नाही. तो असा लिहा: मोजता येणाऱ्या अनेकवचनी नामाआधी 'लेस' छापील इंग्रजीत येतो का, 'फ्युअर'च्या तुलनेत किती येतो, आणि आपल्या वाचकाला तो खटकेल का? आता तीन प्रश्न झाले आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात.

मग वादाची जात ओळखा. भाषेचे खरे नियम तिच्यात वाढलेली माणसं मोडतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर भांडणही होत नाही. 'हाउस द' असं कुणी म्हणत नाही आणि ते चूक आहे हे कुणाला शिकवावंही लागत नाही. भांडण असतं ते दुसरीकडे. 'ही डोन्ट नो नथिंग' हा बोली आणि प्रमाण यांतला फरक आहे: अनेक बोलींत ही रचना अगदी नियमानं चालते, प्रमाण लेखनात चालत नाही. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन यावं की नाही, हा शैलीचा वाद. 'लिटरली' ('शब्दशः' की नुसता जोर द्यायला) आणि 'डेसिमेट' ('दहातला एक मारणे' की 'प्रचंड नाश करणे') हे अर्थ बदलण्याचे वाद. 'इट्स' लिहिताना ॲपॉस्ट्रॉफी कुठे द्यायचा हा मात्र यांपैकी कशातच बसत नाही. तो लेखनाचा ठरलेला संकेत आहे. चुकला असेल तर दुरुस्त करून पुढे जा.

प्रदेशाचा वाद सर्वांत आधी बाजूला काढा, कारण त्यात गैरसमजाने खरं नुकसान होतं. बैठकीच्या संदर्भात 'टेबल' हे क्रियापद ब्रिटनमध्ये 'चर्चेला मांडणे' या अर्थानं येतं, अमेरिकेत 'चर्चा पुढे ढकलणे' या अर्थानं. अगदी उलट. 'मूट पॉइंट' हा ब्रिटनमध्ये वादाला खुला असलेला मुद्दा, तर अमेरिकेत बहुधा आता निरर्थक झालेला मुद्दा. 'आय विल रिव्हर्ट' हे भारतात 'उत्तर देतो' असं वाचलं जातं, पण तो वापर माहीत नसलेला परदेशी वाचक 'पूर्वस्थितीला जाणे' असा अर्थ घेऊ शकतो. अशा शब्दांत कोण बरोबर याचा निकाल लावण्यात वेळ घालवू नका. वाचक दोन देशांचे असतील तर शब्दच टाळा: 'रिप्लाय', 'पुट फॉरवर्ड', 'पोस्टपोन'.

नियमाचा जन्मदाखला काढा

हे काम बहुतेक जण करत नाहीत, आणि अर्धा वाद इथेच मिटतो. प्रत्येक वादग्रस्त नियम कुणी, कधी आणि काय कारण देऊन सांगितला ते पाहा. यासाठी सर्वांत उपयोगी पुस्तक म्हणजे मेरियम-वेब्स्टरचा १९८९चा इंग्रजी वापरकोश. त्यात नियमाची पहिली नोंद, त्यावरचे आक्षेप आणि प्रत्यक्ष लेखनातली उदाहरणं एकत्र मिळतात.

प्रिपोझिशन शेवटी नको, ही तक्रार कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यावर केली. रॉबर्ट लाउथच्या १७६२च्या व्याकरणात ती पुन्हा येते, पण बरीच सौम्य होऊन. ही लकब इंग्रजीला मानवते, बोलण्यात ती सर्रास आहे, मात्र गंभीर लेखनात प्रिपोझिशन आधी घेतलेलं अधिक डौलदार, एवढंच लाउथ म्हणतो. पुढच्या शालेय पुस्तकांत 'अधिक डौलदार'चं 'बंधनकारक' झालं. म्हणजे तुमच्या हातात असलेला नियम मुळात शैलीचा सल्ला होता.

'लेस' आणि 'फ्युअर'चं तसंच. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर यांनी 'नो फ्युअर दॅन अ हंड्रेड' आपल्याला अधिक सुबक आणि अधिक योग्य वाटतं असं लिहिलं. 'वाटतं' हा सूर त्यांचाच. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'लेस' मात्र नवव्या शतकात, राजा आल्फ्रेडच्या काळच्या इंग्रजीतही सापडतो.

'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, या नियमाबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: लॅटिनमध्ये हे रूप एकाच शब्दाचं असतं, म्हणून इंग्रजीवर बंदी आली. हे डोळे झाकून पुढे सांगू नका. हेन्री ऑल्फर्ड यांनी १८६४च्या पुस्तकात दिलेलं कारण वेगळं आहे: ही रचना इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांना ठाऊकच नाही. हा वस्तुस्थितीचा दावा आहे, आणि तपासला की तो पडतो, कारण चौदाव्या शतकापासूनची उदाहरणं उपलब्ध आहेत. एकोणिसाव्या शतकातच 'द हाउस इज बीइंग बिल्ट' या रचनेवरही कडाडून टीका झाली. त्याआधीची रूढ रचना 'द हाउस इज बिल्डिंग' अशी होती. आज 'बीइंग बिल्ट'ला कुणी हरकत घेत नाही.

'शॅल' आणि 'विल'चा नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये मांडला: स्वतःबद्दल साधा भविष्यकाळ सांगायचा तर 'शॅल', दुसऱ्याबद्दल 'विल'. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना तो रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकातून मिळाला. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात अधिकारी होते. पुस्तक १९३०च्या दशकातलं, त्यातली परंपरा त्याहून जुनी. त्यातून इंग्रजीची चौकट उत्तम शिकता येते. आज इंग्रजी कसं लिहिलं जातं याचा साक्षीदार म्हणून मात्र ते उभं करू नये.

आता सावधगिरी. जन्मदाखला कच्चा निघाला म्हणून नियम निकामी होत नाही. बेकरचं ते मत अडीचशे वर्षं वर्गावर्गातून शिकवलं गेलं आहे, आणि तुमचा वाचक त्या वर्गात बसलेला असू शकतो. इतिहासातून एवढंच कळतं की समोरच्याला 'अडाणी' म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. काय लिहायचं ते पुढच्या टप्प्यांवर ठरेल.

शब्दकोशातली लेबलं वाचा, क्रम समजून घ्या

'शब्दकोशात आहे म्हणजे चालतं' ही सर्वांत मोठी गल्लत. कोश वापराची नोंद करतो, परवाना देत नाही. नोंदीसोबतची लेबलं पाहा. 'नॉनस्टँडर्ड' असेल तर प्रमाण लेखनात टाळा. 'इन्फॉर्मल' म्हणजे बोलण्यात आणि अनौपचारिक मेलमध्ये ठीक. 'डेटेड' आणि 'आर्केक' यांतही फरक आहे: पहिला शब्द जुन्या वळणाचा, दुसरा व्यवहारातून गेलेला. नोंदीखाली वापरावरची टीप असेल तर ती पूर्ण वाचा. वाद आहे की नाही, हे तिथेच कळतं.

अर्थांच्या क्रमावरून फार चुका होतात. मेरियम-वेब्स्टर आणि ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश अर्थ कालक्रमाने देतात. तिथे पहिला अर्थ सर्वांत जुना असतो, सर्वांत 'खरा' नव्हे. अमेरिकन हेरिटेज आणि विद्यार्थ्यांसाठीचे बहुतेक कोश रूढ अर्थ आधी देतात. तेव्हा 'कोशात हा पहिला अर्थ आहे' असं कुणी म्हणालं, तर कोश कोणता ते आधी विचारा. 'नाइस'चा जुना अर्थ 'मूर्ख' होता. प्राचीनता हाच निकष धरला तर तो अर्थही परत आणावा लागेल.

कोशाने न्याय द्यावा की नोंद ठेवावी, यावर अमेरिकेत १९६१ मध्ये मोठा गदारोळ झाला. फिलिप गोव्ह यांच्या संपादनाखाली वेब्स्टरची तिसरी बृहद् आवृत्ती आली. तिने 'कलोक्विअल' (बोलण्यातला) हे लेबल काढून टाकलं होतं आणि 'एन्ट' ('इज नॉट'चं बोलण्यातलं रूप) याची नोंद वृत्तपत्रांना फारच मवाळ वाटली. त्याला उत्तर म्हणून १९६९ मध्ये अमेरिकन हेरिटेज कोश निघाला. वादग्रस्त शब्दांवर कौल देण्यासाठी त्याने लेखक-संपादकांचं मंडळ नेमलं, ते २०१८ मध्ये बरखास्त झालं. त्या कौलांच्या टीपा अजून कामाच्या आहेत. फक्त कौल कोणत्या वर्षीचा ते बघून घ्या.

कॉर्पसमध्ये मोजा

कान फसवतो. एकदा एखादा वापर खटकला की तो सगळीकडे दिसू लागतो. म्हणून कॉर्पसमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराच्या शोधता येणाऱ्या मोठ्या संग्रहात, मोजायचं.

पहिलं साधन गूगल बुक्सचं एनग्रॅम: छापील पुस्तकांत एखादी रचना कोणत्या वर्षी किती आली याचा आलेख ते काढतं. फुकट आहे आणि नोंदणी लागत नाही. दोन रचना रोमन लिपीत, स्वल्पविराम देऊन टाइप करा; एका रचनेत जास्तीत जास्त पाच शब्द. ब्रिटिश आणि अमेरिकन संग्रह वेगवेगळे निवडून दोन आलेख काढा. 'स्मूदिंग' आधी शून्यावर ठेवून पाहा, नाहीतर अचानक झालेला बदल गुळगुळीत होऊन लपतो.

इथे रचना कशी निवडता यावर सगळं अवलंबून आहे. 'डेटा' एकवचनी की अनेकवचनी हे बघायला बहुतेक जण 'डेटा इज' आणि 'डेटा आर' टाकतात. त्यात 'द क्वालिटी ऑफ द डेटा इज' अशी वाक्यंही मोजली जातात, जिथे क्रियापद 'क्वालिटी'चं आहे. मग सुचतं 'धिस डेटा' आणि 'दीज डेटा'. पण 'धिस डेटा सेट'मधला 'धिस' हा 'सेट'चा आहे. तीन शब्द घ्या, 'धिस डेटा इज' आणि 'दीज डेटा आर'. बरीच भेसळ गळते. प्रत्येक शब्दासाठी असा विचार करावा लागतो: मला नको असलेलं कोणतं वाक्य या शोधात अडकेल?

एनग्रॅमच्या मर्यादाही लक्षात ठेवा. १८००च्या आधीच्या छपाईत 'एस'चं एक लांब रूप होतं, ते यंत्र बऱ्याचदा 'एफ' म्हणून वाचतं. काही पुस्तकांच्या तारखा चुकीच्या आहेत. विसाव्या शतकाच्या भागात शास्त्रीय पुस्तकांचं वजन वाढतं. आणि बोललेलं इंग्रजी त्यात नाहीच.

बोलण्याचा पुरावा हवा असेल तर खरे कॉर्पस उघडा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस १० कोटी शब्दांचा आहे, त्यातला दहा टक्के भाग बोललेला. समकालीन अमेरिकन इंग्रजीचा 'कोका' १०० कोटी शब्दांहून मोठा. त्यात १९९० ते २०१९ पर्यंतची भाषा आहे, आणि बोललेली भाषा, कादंबऱ्या, वृत्तपत्रं, शास्त्रीय लेखन असे भाग वेगळे पाहता येतात. भारतीय वापरासाठी 'ग्लोब' घ्या: वीस देशांच्या संकेतस्थळांवरचे १९० कोटी शब्द, त्यात भारताचा रकाना स्वतंत्र.

नुसते आकडे शेजारी ठेवू नका. दर दहा लाख शब्दांमागे किती ते काढा. समजा एक रचना ब्रिटिश संग्रहात ३०० वेळा आणि कोकात १,००० वेळा आली. भागून पाहिलं तर पहिल्यात दहा लाखांमागे ३ आणि दुसऱ्यात १, म्हणजे मोठा आकडा तिथे वापर कमी. मग किमान ५० ओळी स्वतः वाचा. त्यात अवतरणं किती, चेष्टेतली किती, शोधात चुकून आलेली किती, हे वाचल्याशिवाय कळत नाही. साध्या गूगल शोधात वर दिसणारी निकालांची संख्या पुरावा म्हणून कधीच देऊ नका. तो अंदाज असतो आणि बदलत राहतो.

वाचक आणि घरचा नियम

वर्तमानपत्र, नियतकालिक किंवा ग्राहकाची स्वतःची शैलीपुस्तिका असेल तर वाद तिथेच संपतो: ती पाळा. मात्र कोणती आवृत्ती ते बघा, कारण पुस्तिका बदलतात. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने 'आशा आहे की' या अर्थाचा 'होपफुली' २०१२ मध्ये मान्य केला, 'मोर दॅन' ऐवजी 'ओव्हर' २०१४ मध्ये, आणि एकवचनी 'दे' (एकाच व्यक्तीसाठी वापरलेला) मर्यादित प्रसंगी २०१७ मध्ये. २०१० साली पाठ केलेले नियम आज कुणाच्या लेखात लावले, तर आपणच मागे पडलेले असतो.

पुस्तिका नसेल तर अमेरिकन वापरकोशकार ब्रायन गार्नर यांची पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरा. पहिल्या पायरीवर नवा वापर सरळ नाकारला जातो, दुसरीवर बहुतेक जण टाळतात, तिसरीवर तो पसरलेला असतो पण जाणकार टाळतात, चौथीवर जवळपास सगळे वापरतात आणि थोडेच जण अडून असतात, पाचवीवर तो पूर्ण रुळलेला असतो. औपचारिक लेखनात तिसऱ्या पायरीपर्यंतचं टाळावं आणि चौथीपासून पुढचं निर्धास्त वापरावं, असं आमचं मत.

परीक्षेची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांतले व्याकरणाचे प्रश्न बहुतांशी जुन्या नियमांवर बेतलेले असतात. विद्यार्थ्याला दोन्ही सांगा: उत्तरपत्रिकेत हे लिही, आणि प्रत्यक्षात भाषा अशी चालते. एकच सांगितलं तर एक तर गुण जातात, नाहीतर भाषा.

काही शब्द दोन्हीकडून नासलेले असतात. 'डिसइंटरेस्टेड'चा अर्थ 'निःपक्षपाती' घेतला तर निम्म्यांना 'रस नसलेला' वाटतो. दुसरा घेतला तर उरलेले नाक मुरडतात. 'बायमंथली' तर महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा, हे कोशही ठरवून देत नाहीत. असे शब्द बदला: 'इम्पार्शल' लिहा, 'एव्हरी टू मंथ्स' लिहा. ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केटने २००८ मध्ये हेच केलं. 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाटीवर आक्षेप येत होते. त्यांनी 'अप टू टेन आयटम्स' लिहिलं. पण वाक्य बदलून बिघडत असेल तर बदलू नका. 'एक्स्पेक्ट्स टू मोर दॅन डबल इट्स प्रॉफिट' यातला 'मोर दॅन' कुठेही हलवला तरी वाक्य मोडतं.

अतिशुद्धीपासून सावध

भीतीपोटी केलेली दुरुस्ती ही मूळ वापरापेक्षा वाईट चूक असते. 'मी अँड माय फ्रेंड' चूक आहे एवढंच लक्षात राहिलेला माणूस 'बिट्वीन यू अँड आय' लिहितो. तपासणी सोपी: सोबतचा माणूस काढा आणि प्रिपोझिशन साधं घ्या. 'फॉर आय' कुणी म्हणत नाही, म्हणून 'बिट्वीन यू अँड मी'.

'हू' आणि 'हूम'साठी उत्तर 'ही' येतं की 'हिम' ते पाहायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. फसगत होते ती मध्ये 'डू यू थिंक' आल्यावर. 'हूम डू यू थिंक विल विन' हे चूक. मधले शब्द झाकून वाचा: 'हू विल विन'. उत्तर 'ही विल विन', म्हणून 'हू'.

'फ्युअर'चा नियम नव्याने शिकलेले तो अंतर, वेळ, पैसे आणि वजन यांनाही लावतात. 'लेस दॅन फाइव्ह माइल्स', 'लेस दॅन थ्री अवर्स', 'लेस दॅन फिफ्टी रुपीज' हेच रूढ आहे, कारण तिथे सुटे मैल मोजायचे नसून एकूण परिमाण सांगायचं असतं. 'वन लेस प्रॉब्लेम'लाही हात लावू नका.

एकवचनी 'दे'

यावर सध्या सर्वाधिक भांडण आहे. 'समवन लेफ्ट देअर बॅग' ही रचना चौदाव्या शतकापासून आहे. विरोध व्याकरणकारांनी नंतर सुरू केला. ब्रिटिश संसदेने १८५० मध्ये कायद्यांपुरतं ठरवलं की पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धराव्यात. भारताच्या १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३ मध्येही तेच आहे. २०१९ मध्ये मेरियम-वेब्स्टरने स्वतःला स्त्री किंवा पुरुष न म्हणवणाऱ्या एका व्यक्तीसाठीचा 'दे' कोशात घेतला, आणि अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैलीपुस्तिकेच्या सातव्या आवृत्तीने एकवचनी 'दे'ला मान्यता दिली.

एका माणसाला अनेकवचनी क्रियापद कसं, या आक्षेपाचं उत्तर 'यू' या सर्वनामात आहे. ते मुळात अनेकवचनी. आज एकाला उद्देशूनही 'यू आर' म्हणतो. 'साहेब आले' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे अवघड वाटायचं कारण नाही.

लिहिताना तीन गोष्टी पाळा. व्यक्ती एक असली तरी 'दे आर', 'दे इज' नाही. एखाद्याने स्वतःसाठी 'दे' सांगितलं असेल तर तेच वापरा, तिथे वाद घालू नका. आणि करारपत्रात किती जण अभिप्रेत आहेत याबद्दल शंका येऊ शकत असेल तर नामच पुन्हा लिहा: 'द एम्प्लॉयी शॅल सबमिट द एम्प्लॉयीज क्लेम'. कानाला जड वाटेल, पण कोर्टात टिकेल.

भारतीय वापर

'प्रीपोन'ला हसण्याआधी बघा: 'पोस्टपोन'च्या जोडीला हा शब्द हवा असं सुचवणारं पत्र १९१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलं होतं. रुजला तो भारतात. 'डू द नीडफुल' ही तर जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहाराची ठेवण. तिकडे मागे पडली, इकडे टिकली. भारतीय वाचकांसाठी दोन्ही ठीक आहेत. परदेशी ग्राहकाला मात्र काय करायचं ते नाव घेऊन सांगा. 'डिस्कस अबाउट' आणि 'रिटर्न बॅक' यांबाबत आमचा आग्रह वेगळा: औपचारिक लेखनात जादा शब्द काढाच, कारण त्याने अर्थात काही भर पडत नाही.

शेरा आणि नोंदवही

दुसऱ्याचा मजकूर तपासताना प्रत्येक खुणेसोबत एक अक्षर लिहा: 'चू' म्हणजे चूक, 'नि' म्हणजे आपल्या संस्थेचा नियम, 'आ' म्हणजे तपासणाऱ्याची आवड. 'आ' स्वीकारणं लेखकावर बंधनकारक नाही, हे आधीच सांगून ठेवा. आपल्या खुणांत 'आ' किती आणि 'चू' किती, हे मोजल्यावर तपासणाऱ्याचा लाल पेन आपोआप हलका होतो.

एकदा निकाल लागला की तो नोंदवून ठेवा, नाहीतर पुढच्या तिमाहीत तोच वाद पुन्हा होतो. साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने पाच: रचना, निर्णय, कुठल्या वाचकासाठी, आधार, तारीख. उदाहरणार्थ: 'डेटा', एकवचनी क्रियापद, अंतर्गत अहवाल, कोश व कॉर्पस, महिना आणि वर्ष. खाली अपवाद: नियतकालिकाला पाठवायचा लेख असेल तर त्यांची सूचना. निर्णय पुन्हा उघडायचा तो शैलीपुस्तिकेची नवी आवृत्ती आली, वाचकवर्ग बदलला किंवा कुणी नवा पुरावा आणला तरच. नुसतं 'मला खटकतं' आलं तर ते 'आ'च्या रकान्यात लिहा.